घरच्या मोटारीची सुरक्षा तपासणी: पंधरा वर्षांनंतरचे पासिंग आणि त्याआधीचा काळ

गोदातीर यांचा प्रश्न

नमस्कार. आमच्या घरची पेट्रोल मोटार मे २०११ मध्ये नाशिकला नोंदवलेली आहे आणि तिच्या नोंदणीची पंधरा वर्षांची मुदत आता संपत आली आहे. गाडी वडिलांच्या नावावर आहे, आणि निवृत्तीनंतर आई-वडील चिपळूणला मूळ घरी राहायला गेल्यापासून ती तिकडेच असते. रोजचा बाजार, अधूनमधून कुंभार्ली घाटातून कराडला डॉक्टरांकडे जाणे आणि सुटीत नातवंडे आली की गुहागरपर्यंत फेरी, एवढाच तिचा वापर आहे. धावणे कमी असल्यामुळे इंजिन चांगले आहे आणि गाडी विकण्याचा कोणाचाही विचार नाही.

पासिंगविषयी चौकशी करू लागलो तेव्हा परस्परविरोधी गोष्टी ऐकायला मिळाल्या. एका परिचितांच्या मते पंधरा वर्षे पूर्ण झालेली गाडी आता भंगारातच द्यावी लागते, तर दुसऱ्यांनी सांगितले की पाच वर्षांचे नूतनीकरण मिळते आणि तो केवळ कागदांचा विषय आहे. नेमका नियम काय आहे, अर्ज नाशिकला करायचा की रत्नागिरीला, आणि निरीक्षक गाडीत प्रत्यक्ष काय पाहतात, हे कोणी नीट सांगू शकेल का?

या चौकशीतून मला एक वेगळीच काळजी लागली आहे. गेल्या पंधरा वर्षांत पीयूसी सोडली तर या गाडीची सुरक्षिततेच्या दृष्टीने कोणत्याही यंत्रणेने तपासणी केलेली नाही, आणि आम्हीही कोणाकडून करून घेतलेली नाही. सर्व्हिसिंग म्हणजे ऑइल, फिल्टर आणि धुलाई. घाट उतरताना आई-वडील ज्या ब्रेकवर विसंबून असतात ते कोणत्या अवस्थेत आहेत, हे आम्हाला कोणी कधी लेखी सांगितलेले नाही. कायद्याने अशी तपासणी अपेक्षितच नाही का?

माजी निरीक्षक

मी मोटार वाहन विभागात निरीक्षक म्हणून सेवा केली आहे, त्यामुळे आपल्या प्रश्नाचे उत्तर थोडे सविस्तर देतो.

प्रथम भंगाराचा गैरसमज. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ४१(७) नुसार खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षे वैध असते आणि कलम ४१(१०) नुसार तिचे पाच वर्षांसाठी नूतनीकरण करता येते. गाडी तपासणीत योग्य ठरली तर ही पाच वर्षे संपल्यावर पुन्हा अर्ज करता येतो. पंधरा वर्षांनंतर नूतनीकरण न करण्याचा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाला, पण तो सरकारी मालकीच्या वाहनांसाठी आहे. दिल्ली राजधानी क्षेत्रात दहा वर्षांच्या डिझेल आणि पंधरा वर्षांच्या पेट्रोल गाड्यांविषयी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे आणि सर्वोच्च न्यायालयाचे जे आदेश निघाले, ते त्या क्षेत्रापुरते होते. या दोन बातम्या आणि २०२१ चे वाहन मोडीत काढण्याचे धोरण यांची सरमिसळ होऊन आपल्याकडे ही समजूत पसरली आहे. महाराष्ट्रातील खासगी मालकाला सुस्थितीतील गाडी केवळ वयामुळे मोडीत काढावी लागत नाही.

अर्ज नमुना २५ मध्ये, परिवहन पोर्टलवरून, मुदत संपण्यापूर्वीच्या साठ दिवसांत करायचा असतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम ५२ असे सांगतो की हा अर्ज गाडी ज्या नोंदणी प्राधिकाऱ्याच्या हद्दीत आहे त्याच्याकडे करावा. कलम ४१(१०) मध्येही नूतनीकरण करणारे कार्यालय मूळ कार्यालय नसेल तर त्याने मूळ कार्यालयाला कळवावे, अशी तरतूद आहे. परंतु आपले आई-वडील चिपळूणला कायमचे राहत असतील तर कलम ४९ नुसार पत्ता बदलल्यापासून तीस दिवसांत तो नोंदवून घेणे आवश्यक होते. म्हणून आधी पत्ताबदल रत्नागिरी कार्यालयात करून घ्यावा आणि मग तेथेच नूतनीकरणाचा अर्ज करावा, हा सरळ मार्ग आहे. नोंदणी क्रमांक नाशिकचाच राहतो.

शुल्काविषयी सांगायचे तर १ एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले आहे, आणि ऑगस्ट २०२५ च्या दुरुस्तीनंतर वीस वर्षांपेक्षा जुन्या मोटारीला १०,००० रुपये पडतात. मुदत उलटल्यानंतर अर्ज केल्यास प्रत्येक महिन्याला ५०० रुपये जास्तीचे द्यावे लागतात. याशिवाय राज्याचा पर्यावरण कर भरावा लागतो. गाडी १ एप्रिल २०१९ पूर्वीची असल्याने उच्च सुरक्षा नोंदणी पाटी बसवलेली नसेल तर ती आधी बसवून घ्या, थकीत ई-चलान भरा आणि विमा व पीयूसी चालू असल्याची खात्री करा. पीयूसीची मुदत भारत स्टेज ४ (धुराच्या प्रदूषणाचे मानक) आणि त्यापुढील गाड्यांना एक वर्षाची असते, पण २०११ साली हे मानक मुंबई, पुणे, सोलापूर अशा मोजक्याच शहरांत लागू होते. त्यामुळे नाशिकच्या आपल्या गाडीच्या आरसीवर भारत स्टेज ३ असेल तर तिला दर सहा महिन्यांनी प्रमाणपत्र घ्यावे लागते. ही गोष्ट पुष्कळ मालकांच्या लक्षात येत नाही.

आता निरीक्षक काय पाहतो ते सांगतो. चासी क्रमांकाचा पेन्सिलने ठसा घेऊन तो आणि इंजिन क्रमांक कागदपत्रांशी ताडला जातो. हेडलाइट, इंडिकेटर, ब्रेकचे दिवे, हॉर्न, वायपर, आरसे, काचा, टायर, पायाचा आणि हाताचा ब्रेक पाहिले जातात. गाडीत परवानगीशिवाय केलेले फेरफार असतील, म्हणजे पुढे लोखंडी गार्ड, काचांवर काळी फिल्म किंवा आरसीवर न नोंदवलेले सीएनजी किट, तर गाडी परत पाठवली जाते. काळ्या फिल्मला सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्येच मनाई केली आहे. निरीक्षकाकडे दिवसभरात येणाऱ्या गाड्यांची संख्या पाहता आणि गाडी रॅम्पवर उचललेली नसताना ही तपासणी कितीशी खोल जाऊ शकते, याचा अंदाज आपल्याला येईल. खालचा पत्रा, ब्रेकच्या नळ्या आणि सस्पेन्शनचे सांधे तिच्यात पूर्णपणे दिसत नाहीत, हे मी माझ्या अनुभवावरून जबाबदारीने सांगतो.

आपला शेवटचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. हेच मॉडेल टॅक्सी म्हणून नोंदवलेले असते तर नियम ६२ नुसार आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी ते योग्यता प्रमाणपत्रासाठी आणावे लागले असते, म्हणजे पंधरा वर्षे पूर्ण होण्याआधी किमान दहा वेळा. पांढऱ्या पाटीच्या गाडीला मात्र या काळात एकदाही बोलावले जात नाही. तरीही कायद्याने ही जागा अगदी मोकळी सोडलेली नाही. कलम १९०(१) प्रमाणे ज्या दोषामुळे वाहन धोकादायक ठरते, असा दोष मालकाला किंवा चालकाला ठाऊक असेल, अथवा साधी काळजी घेतली असती तर समजू शकला असता, तर ते वाहन सार्वजनिक ठिकाणी चालवणे किंवा चालवू देणे हा गुन्हा आहे. त्यासाठी १,५०० रुपये दंड आहे, आणि त्या दोषामुळे अपघात होऊन इजा किंवा मालमत्तेचे नुकसान झाले तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. ‘साधी काळजी घेतली असती तर’ हे शब्द प्रत्येक मालकाने लक्षपूर्वक वाचावेत, असे मला वाटते. तपासणीची तारीख कायद्याने दिलेली नाही, पण तपासण्याचे कर्तव्य मालकावर ठेवलेले आहे.

आणखी एक गोष्ट. मुदत संपल्यानंतर नूतनीकरण होईपर्यंत गाडी रस्त्यावर आणूच नये. नियम ५२ नुसार तिची नोंदणी त्या काळात वैध मानली जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये नरिंदर सिंग यांच्या प्रकरणात, तात्पुरत्या नोंदणीची मुदत संपलेल्या गाडीला अपघात झाल्यावर, गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारण्याचा विमा कंपनीचा निर्णय योग्य ठरवला होता. पंधरा वर्षांची मुदत संपलेल्या गाडीच्या मालकाने तो धोका मुळीच पत्करू नये.

पाना आणि जॅक

माझे रत्नागिरी जिल्ह्यात गॅरेज आहे आणि किनाऱ्याजवळ राहणाऱ्या कुटुंबांच्या जुन्या गाड्या आमच्याकडे सतत येतात. वरच्या प्रतिसादात कायद्याची बाजू उत्तम आली आहे, म्हणून मी केवळ गाडीविषयी लिहितो.

धावणे कमी आहे म्हणून गाडी चांगली आहे, हा निष्कर्ष कोकणात सहसा खरा ठरत नाही. येथे गाडी किलोमीटरने जुनी होण्याआधी पावसाने आणि खाऱ्या हवेने जुनी होते. उभ्या राहणाऱ्या गाडीत ओल साठते, ब्रेकच्या डिस्कवर गंज चढतो, मागच्या चाकांच्या ड्रममधील भाग अडकू लागतात आणि हँडब्रेकची तार आतल्या आत गंजते. बाहेरून रंग चकचकीत असलेल्या गाडीचा जॅक लावण्याचा भाग जॅक चढवताच आत दबल्याचे आम्ही पुष्कळ वेळा पाहिले आहे.

गाडी रॅम्पवर घेतली की मी प्रथम दोन्ही दारांखालची पट्टी, पुढच्या सबफ्रेमच्या जोडाच्या जागा आणि मागच्या ॲक्सलवरून जाणाऱ्या ब्रेकच्या धातूच्या नळ्या पाहतो. नंतर आतील मॅट आणि कार्पेट उचलून स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने तळाचा पत्रा ठोकत जातो. निकोप पत्रा टणक, खणखणीत आवाज देतो. गंजलेल्या ठिकाणी आवाज बसका येतो आणि कधी कधी रंगाचे पापुद्रे मुठीबरोबर निघतात. सीटबेल्टच्या पट्ट्यांचे नांगर, म्हणजे ते गाडीला जोडण्याच्या जागा, आणि आसनांचे बोल्ट ज्या पत्र्यात बसवलेले असतात तेथे असा बसका आवाज आला, तर ते काम पुढे ढकलण्यासारखे नसते, कारण अपघातात माणसाला धरून ठेवणारी सारी ताकद त्याच पत्र्यातून येते.

आपण कुंभार्ली घाटाचा उल्लेख केला आहे, म्हणून ब्रेक फ्लुइडविषयी आवर्जून लिहितो. हे द्रव हवेतील ओलावा शोषून घेते आणि जितके पाणी त्यात मुरते तितका त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. सपाट रस्त्यावर याची जाणीव होत नाही. लांब उतारावर ब्रेक सतत दाबले गेले की कॅलिपरमधील द्रव तापून त्यात वाफेचे बुडबुडे होतात, आणि वाफ दाबली जात असल्यामुळे पेडल तळाशी जाते पण चाकाला दाब मिळत नाही. म्हणून ते साधारणपणे दर दोन वर्षांनी बदलावे असे उत्पादक सांगतात. पंधरा वर्षांत ते कधीच बदललेले नाही अशा गाड्या आमच्याकडे येतात आणि बाटलीतील द्रव काळपट तपकिरी झालेले असते. वडिलांना घाटात खालच्या गिअरमध्ये उतरायची सवय असेलच, तरीही हे काम कराडच्या पुढच्या फेरीपूर्वी करून घ्या.

टायरची नक्षी कायद्याने किमान १.६ मिलिमीटर खोल लागते आणि खाचांमध्ये त्या उंचीचे छोटे उंचवटे दिलेले असतात; नक्षी त्यांच्या पातळीला आली की टायर संपला. कमी धावणाऱ्या गाडीत मात्र नक्षी शाबूत राहते आणि रबर म्हातारे होते. टायरच्या बाजूवर लांबट चौकटीत चार अंक असतात. २३१८ असे असेल तर तो २०१८ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला आहे. बाजूच्या भिंतीवर बारीक भेगा दिसू लागल्या असतील तर नक्षी कितीही चांगली असली तरी मुलांना घेऊन महामार्गावर जाऊ नका. स्टेपनीचाही आकडा पाहा, कारण ती अनेकदा गाडीइतकीच जुनी असते.

बॉल जॉइंट, टाय रॉड, लोअर आर्मचे बुश, शॉक ॲब्सॉर्बरची गळती, इंधनाच्या रबरी नळ्या, पिवळ्या पडलेल्या हेडलाइटच्या काचा आणि पट्टे झटक्याने ओढल्यावर अडकतात की नाही, एवढे त्याच भेटीत होऊन जाते. २०११ च्या गाडीत एअरबॅग असेलच असे नाही, कारण चालकाची एअरबॅग १ जुलै २०१९ पासून सक्तीची झाली. असेल तर चावी फिरवल्यावर तिचा दिवा लागून काही क्षणांत विझला पाहिजे. शिवाय कंपनीच्या संकेतस्थळावर चासी क्रमांक टाकून रिकॉल बाकी आहे का, हे पाहा. ताकाता कंपनीच्या ज्या एअरबॅगमुळे जगभर गाड्या परत बोलावल्या गेल्या, त्यांतील रसायन दीर्घकाळच्या उष्णतेने आणि दमटपणाने बिघडत होते. आपल्या किनाऱ्यावर ही दोन्ही कारणे बारा महिने हजर असतात.

आपली गाडी पेट्रोलवर आहे, तरी इतर वाचकांसाठी लिहितो: सीएनजीच्या टाकीची दाबचाचणी दर तीन वर्षांनी मान्यताप्राप्त केंद्रात करून घेणे बंधनकारक आहे. खासगी गाडीला लागू असलेली ही एक खरी नियतकालिक सुरक्षा तपासणी आहे, आणि डिकीत सामान ठेवता ठेवता तिचा विसर पडतो.

एक प्रश्न विचारतो. जुलै २०२१ च्या पुरात आपली गाडी चिपळूणमध्येच होती का?

लेस्टरवासी

मी ब्रिटनमध्ये राहतो. येथील पद्धत या चर्चेला पूरक ठरेल म्हणून थोडक्यात लिहितो. गाडी तीन वर्षांची झाली की तिला दरवर्षी एमओटी चाचणी द्यावी लागते. ही चाचणी १९६० मध्ये दहा वर्षांवरील गाड्यांसाठी सुरू झाली आणि १९६७ पर्यंत ती मर्यादा तीन वर्षांवर आणली गेली. मोटारीसाठी केंद्राला जास्तीत जास्त ५४ पौंड ८५ पेन्स आकारता येतात. चाचणी खासगी गॅरेजमध्येच होते, परंतु गॅरेज आणि तपासनीस या दोघांनाही सरकारी संस्थेची मान्यता लागते.

मला त्यातील दोन गोष्टी अनुकरणीय वाटतात. पहिली ही की दोषांची वर्गवारी लेखी मिळते. धोकादायक, मोठा आणि किरकोळ असे तीन वर्ग असतात आणि त्याखाली ‘लक्ष ठेवा’ अशा सूचना असतात. मागच्या वर्षी जी सूचना होती ती या वर्षी दोष झाली, असा प्रवास मालकाला कागदावर दिसतो. दुसरी गोष्ट ही की नोंदणी क्रमांक टाकला की कोणत्याही गाडीचा चाचण्यांचा इतिहास आणि त्या वेळी गाडी किती मैल धावली होती याचे आकडे कोणालाही विनामूल्य पाहता येतात. जुनी गाडी घेणाऱ्या कुटुंबाला याचा फार मोठा आधार असतो. गंजाबाबतही नियम स्पष्ट आहे: पट्ट्याच्या किंवा सस्पेन्शनच्या जोडापासून ३० सेंटिमीटरच्या आत पत्रा ताकद गमावण्याइतका गंजलेला असेल तर गाडी नापास होते. वर ‘पाना आणि जॅक’ यांनी ज्या जागा सांगितल्या आहेत, त्या नेमक्या याच आहेत.

मध्यममार्ग

या चर्चेत मला थोडे वेगळे मत मांडायचे आहे. ब्रिटनचे उदाहरण आकर्षक आहे, परंतु अशी वार्षिक सक्ती आपल्याकडे उद्या आली तर तिचा भार कोणावर पडेल, याचा विचार केला पाहिजे. पंधरा वर्षांची छोटी गाडी वापरणारे कुटुंब सहसा श्रीमंत नसते. पाच हजारांचे शुल्क, पर्यावरण कर, नवी नंबर पाटी आणि कामावरची रजा हा खर्च त्याला आजच जाणवतो. तपासणीचा दर्जा नीट ठेवता आला नाही तर प्रमाणपत्र विकत घेण्याची एक नवी बाजारपेठ उभी राहील, आणि ते प्रमाणपत्र पाहून निर्धास्त झालेला मालक आजच्यापेक्षा अधिक बेफिकीर होईल.

प्रगत देशांतही याविषयी एकमत नाही. अमेरिकेत न्यू जर्सी राज्याने २०१० मध्ये खासगी गाड्यांची यांत्रिक सुरक्षा तपासणी बंद करून केवळ धुराची तपासणी ठेवली, आणि टेक्सासने १ जानेवारी २०२५ पासून खासगी वाहनांची सुरक्षा तपासणी रद्द केली. तेथेही ठरावीक परगण्यांत धुराची तपासणी चालूच आहे. याउलट युरोपीय संघात पहिली तपासणी चौथ्या वर्षी आणि मग दर दोन वर्षांनी हा किमान नियम आहे, आणि एप्रिल २०२५ मध्ये युरोपीय आयोगाने दहा वर्षांवरील मोटारींसाठी ती दरवर्षी करण्याचा प्रस्ताव मांडला आहे. तपासणी नको असे माझे म्हणणे नाही. दरवर्षी सर्वांना रांगेत उभे करण्याआधी आठव्या किंवा दहाव्या वर्षी एक सखोल तपासणी ठेवावी आणि ती स्वस्त व विश्वासार्ह कशी होईल ते पाहावे, एवढेच मला सुचवायचे आहे.

माजी निरीक्षक

‘मध्यममार्ग’ यांची भीती निराधार नाही. तपासणी माणसाच्या नजरेवर आणि मर्जीवर जितकी अवलंबून राहते तितकी ती विकली जाण्याची शक्यता वाढते. याच कारणाने सप्टेंबर २०२१ मध्ये केंद्राने स्वयंचलित चाचणी केंद्रांचे नियम केले. तेथे रोलरवर प्रत्येक चाकाचा ब्रेकिंग जोर मोजला जातो, दोन बाजूंच्या जोरातील फरक कळतो, चाकांचे तिरके सरकणे, सस्पेन्शन, स्टिअरिंगच्या सांध्यांतील ढिलेपणा आणि हेडलाइटचा झोत यंत्रावर तपासला जातो आणि आकडे थेट संगणकात जातात. डावे-उजवे ब्रेक असमान असलेली गाडी कार्यालयाच्या आवारात हळू चालवून थांबवली तर अगदी सरळ थांबते. ओल्या रस्त्यावर वेगात दाबल्यावर ती फिरते. हा फरक रोलरवरच दिसतो. दहाव्या वर्षी अशी एक चाचणी सक्तीची करावी, या सूचनेला माझा मनापासून पाठिंबा आहे. मी सेवेत असतो तर लेखी कळवले असते, आता नागरिक म्हणून कळवीन.

गोदातीर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पत्ताबदलाचा मुद्दा आमच्या ध्यानातच नव्हता. त्याचा अर्ज या आठवड्यात करत आहोत.

‘पाना आणि जॅक’ यांच्या प्रश्नाचे उत्तर होय असे आहे. २२ जुलै २०२१ च्या पुरात गाडी अंगणात होती आणि पाणी आसनांच्या तळापर्यंत आले होते. नंतर विम्यातून एका कार्यशाळेत तिची स्वच्छता झाली, इंजिनाची तेले बदलली आणि गाडी व्यवस्थित सुरू झाली, म्हणून तो विषय आम्ही संपला असे धरले. पावसाळ्यात गाडीत कुबट वास येतो, त्याचा याच्याशी संबंध असेल का? आणि पासिंगच्या आधी नेमके कोणते काम कोणत्या क्रमाने करावे?

पाना आणि जॅक

संबंध निश्चितच आहे. कार्पेटखाली आवाज शोषणारा जाड फोम असतो. पुराचे पाणी त्यात शिरले की वरचे कापड वाळते पण फोम वाळत नाही, आणि वशिष्ठीच्या गाळातील बारीक माती त्यात बसून ओल धरून ठेवते. तो फोम पूर्ण काढून बाहेर उन्हात वाळवला किंवा बदलला नसेल तर तळाचा पत्रा तेव्हापासून आतून गंजत आला आहे. खालून पाहिले तर अंडरकोटिंगमुळे हे दिसत नाही. म्हणून पुढची दोन्ही आसने काढून, कार्पेट उचलून तळ उघडा करणे हे आपले पहिले काम असले पाहिजे, आणि ते कोणतेही शुल्क भरण्याआधी करा.

तळ उघडा झाला की तीन गोष्टी स्वतः उभे राहून पाहा: आसनांच्या रुळांचे बोल्ट, दारांच्या मधल्या खांबाच्या तळाशी असलेली पट्ट्याची गुंडाळी आणि आसनाखालचे वायरिंगचे जोड. पट्ट्याची गुंडाळी त्याच उंचीवर असल्याने पुराच्या पाण्यात बुडालेली असते. तिच्या आत गाळ राहिला तर पट्टा सावकाश मागे जातो किंवा झटका दिल्यावर अडकत नाही. अशी गुंडाळी दुरुस्त करण्याच्या भानगडीत पडू नका, नवी बसवा. जोडांवर हिरवट थर दिसला तर विद्युततज्ज्ञाकडून ते साफ करून घ्या.

मग ब्रेक. मागचे ड्रम उघडून गाळ, सिलिंडरची गळती आणि हँडब्रेकची तार पाहावी. पुरातून गेलेल्या गाड्यांची हँडब्रेकची तार अर्ध्यावर अडकते, आणि पासिंगच्या वेळी हा दोष लगेच पकडला जातो. धातूच्या नळ्यांवर गंजाचे फोड असतील तर पूर्ण नळी बदलावी, मधला तुकडा जोडू नये. त्यानंतर ब्रेक फ्लुइड, शेवटी टायर आणि दिवे. हे सारे झाल्यावर गाडी ज्या दिवशी निरीक्षकांकडे न्यायची असेल त्याच्या आधी एकदा रिकाम्या रस्त्यावर स्टिअरिंगवर हात हलका ठेवून ब्रेक दाबून पाहा. गाडी एका बाजूला ओढत असेल तर पुन्हा गॅरेजला आणा.

तळाच्या पत्र्यात एखाद-दुसरे भोक असेल आणि ते आसन किंवा पट्ट्याच्या बोल्टपासून दूर असेल तर गंजलेला भाग कापून, नवा पत्रा सर्व बाजूंनी वेल्ड करून, वर गंजरोधक लेप देऊन गाडी पुष्कळ वर्षे वापरता येते. वर नुसता पत्रा रिव्हेटने ठोकून आणि डांबरी लेप फासून देणारे लोक भेटतील. ते काम स्वीकारू नका, त्याने भोक झाकले जाते पण ताकद परत येत नाही. बोल्टच्या भोवतालचा पत्रा किंवा दारांखालच्या पट्ट्या आतून संपल्या असतील तर मात्र मी आपल्याला नूतनीकरणाचे शुल्क भरू नका असेच सांगेन. त्या स्थितीत गाडी नोंदणीकृत मोडीत काढण्याच्या केंद्रात द्यावी. तेथून जे ठेव प्रमाणपत्र (गाडी जमा केल्याचा दाखला) मिळते त्यावर नवी गाडी घेताना मोटार वाहन करात सवलत मिळते. केंद्राच्या नियमात खासगी वाहनासाठी ती २५ टक्क्यांपर्यंत ठेवण्याची मुभा आहे.

तळ उघडल्यावर छायाचित्रे काढून येथे टाकू शकलात तर कोणत्या जागी वेल्डिंग चालेल आणि कोणत्या जागी नाही, ते मी जागेवर खूण करून सांगतो. तोवर कराडला जायचे असेल तर आई-वडिलांसाठी दुसऱ्या गाडीची व्यवस्था करा.